प्रतिसाद: भंगारातलं ओंडके फोडणारं हायड्रॉलिक यंत्र

भंगारातले भाग जोडून, तेलाच्या दाबावर ओंडके फोडणारं यंत्र ५ एचपीच्या इंजिनावर चालवायचा तुमचा बेत वाचला. सिलिंडर १०० मिमी बोअरचा (आतला व्यास), म्हणजे २०० बार (दाबाचं एकक) दाबाला साधारण १६ टन जोर. तो भरपूर झाला. अडेल ते ५ एचपीचं इंजिन. मिनिटाला २० लिटर तेल देणारा साधा गिअर पंप त्या दाबावर चालवायला १० एचपीच्या आसपास लागतात, त्यामुळे गाठाळ ओंडक्यावर इंजिन बंदच पडणार. दोन टप्प्यांचा पंप शोधा: मोकळ्या चालीत तेल जास्त, अडलं की प्रवाह कमी पण दाब पूर्ण.

रिलीफ व्हॉल्व्ह (दाब हद्दीबाहेर गेला की तेल सोडून देणारी झडप) मात्र भंगारातला नको, तिथे कंजुषी करू नका. आणि जुन्या होजची (तेलाच्या नळीची) गळती हाताने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक छिद्रातलं तेल थेट कातडीत घुसतं. वर वर टोचल्यासारखं दिसलं तरी लगेच इस्पितळ गाठायचं.