सिकलसेलच्या नव्या उपचारांच्या कंपन्या : मंजुरीआधी शेअर घ्यावे का?

कुरखेडाकर
आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच, म्हणून या आजाराच्या नव्या उपचारांवर लक्ष असतं. ज्यांची मंजुरी अजून यायची आहे अशा कंपन्यांत दीड लाख लावायचा विचार आहे. ‘निर्णयाच्या तारखेच्या आधी घ्या, मंजुरी आली की विका’ असं सगळे सांगतात. तारीख कुठे मिळते? तारखेशिवाय काय तपासायचं? देशी कंपनी घ्यावी की अमेरिकेतली?

वरोरा_ताळेबंद
भाऊ, निव्वळ तारखेवर पैसे लावू नका. सिकलसेलचंच पाहा. ८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेच्या औषध नियामकानं, म्हणजे एफडीएनं, एकाच दिवशी दोन जनुकीय उपचार मंजूर केले : व्हर्टेक्स-क्रिस्परचं कॅसजेव्ही आणि ब्लूबर्ड बायोचं लिफजेनिया. मंजुरी मिळूनही ब्लूबर्डचा शेअर त्या दिवशी सुमारे ४० टक्के पडला. लेबलवर रक्ताच्या कर्करोगाचा चौकटीतला इशारा आला, जो कॅसजेव्हीवर नव्हता. किंमत ३१ लाख डॉलर, समोरच्याची २२ लाख. आणि जे प्रायॉरिटी रिव्ह्यू व्हाउचर (दुसऱ्या औषधाची तपासणी लवकर करून घेण्याचा, विकता येणारा हक्क) विकून रोकड उभी करायची होती, ते मिळालंच नाही. मग त्याच महिन्यात कंपनीनं दीड डॉलर भावानं नवे शेअर काढले. पुढे २० शेअरांचा १ केला आणि २०२५ मध्ये कंपनी खासगी गुंतवणूकदारांकडे जाऊन बाजारातूनच गेली.

म्हणून आधी रोकड मोजा. १०-क्यू या अमेरिकी कंपनीच्या तिमाही अहवालात रोख आणि लगेच मोडता येणारी गुंतवणूक यांची बेरीज घ्या, तिला तिमाहीच्या कामकाजावरच्या रोख खर्चानं भागा. १० कोटी हातात आणि तिमाहीला ४ कोटी जात असतील, तर अडीच तिमाह्या. मंजुरी त्यापलीकडे असेल तर मधे नवे शेअर निघणार आणि आपला वाटा कमी होणार हे धरूनच चाला. इथे एक चूक हमखास होते : दुसऱ्या आणि तिसऱ्या तिमाहीच्या अहवालात रोख प्रवाहाचा आकडा वर्षाच्या सुरुवातीपासूनचा असतो. मागचा आकडा वजा केला नाही तर खर्च दुप्पट-तिप्पट दिसतो.

तारीख कंपनीच्याच निवेदनात मिळते, प्रलंबित अर्ज एफडीए स्वतः जाहीर करत नाही. अगदी नव्या रेणूला (आधी कधी मंजूर न झालेल्या औषधघटकाला) अर्ज दिल्यापासून निर्णयापर्यंत साधारण १२ महिने, प्राधान्याचा असेल तर ८.

पुसदचा_फार्मासिस्ट
राजेहो, देशी बातम्यांत तीन गोष्टी एकमेकांत मिसळतात. सीटी-०६ हा सरकारी फॉर्म म्हंजे फक्त मानवी चाचणीची परवानगी. मधात तज्ज्ञ समितीची शिफारस येते, तिचं इतिवृत्त सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाच्या संकेतस्थळावर सापडते, पण शिफारस म्हंजे मंजुरी नोहे. तयार औषध बनवून विकाची परवानगी सीटी-२३ वर असते. बातमीत कोणता कागद हाय ते पाहूनच पुढं जा.

अमेरिकेत माल पाठवणाऱ्या देशी कंपनीत औषधापरीस कारखान्याची भीती जास्त. एफडीएच्या तपासणीत फॉर्म ४८३, म्हंजे त्रुटींची यादी, आला तं घाबरू नोका, १५ कामाच्या दिवसांत उत्तर द्याचं असते. निरीक्षणं काय हायेत ते वाचा : नोंदी खोडणं, डेटा पुसणं असं असन तं दूर राहा. पुढं ओएआय (कारवाई गरजेची) शेरा बसला की त्या कारखान्यातून जाणारे नवे अर्ज अडकू शकतात. अर्जावर एफडीएचं नकारपत्र आलं तरी कारण पाहा. किरकोळ दुरुस्ती करून पुन्हा दिलेला अर्ज २ महिन्यांत निघतो, मोठा असला तं ६.

आणि सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेच्या ‘बिरसा १०१’ या सिकलसेल उपचाराचं तंत्र पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडं गेलं हाय, पण सीरम शेअर बाजारात नाही. तिचे शेअर देतो म्हणणाऱ्याचा फोन आला तं ठेवून द्या.

आर्वी_करसल्ला
अमेरिकेतले शेअर घेतलेत तर आयटीआर-२ हे आयकर विवरणपत्र भरावं लागतं आणि त्यातल्या शेड्यूल एफए (परदेशी मालमत्तेचा तक्ता) मध्ये ते दाखवावे लागतात, तेही जानेवारी-डिसेंबर वर्षाप्रमाणे. शेअर विकले नाहीत तरी दाखवायचेच. २४ महिन्यांनंतर विकले तर नफ्यावर १२.५ टक्के कर, आधी विकले तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. दीड लाखावर टीसीएस (पैसे परदेशी पाठवताना बँक आधीच घेते तो कर) लागणार नाही, ती मर्यादा वर्षाला १० लाख आहे. पण बँकेचा पाठवणी खर्च आणि डॉलरच्या भावातला फरक आधी विचारून घ्या. थोडी रक्कम पुन्हा पुन्हा पाठवली तर तिथेच बरंच जातं.

कुरखेडाकर
स्टॉपलॉस (भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विक्री) लावला तर तोटा आवरता येईल ना?

वरोरा_ताळेबंद
नाही. निर्णय बहुतेकदा बाजार बंद असताना जाहीर होतो. शेअर दुसऱ्या दिवशी थेट खालच्या भावानं उघडतो आणि स्टॉपलॉस त्याच भावाला निघतो. आपल्याकडे छोट्या कंपनीला खालचं सर्किट (एका दिवसात भाव पडण्याची मर्यादा) लागलं तर घेणाराच नसतो. त्यामुळे आवर घालायचा तो रकमेवर. दीड लाखातले एका कंपनीत १०-१५ हजार, त्यातले ७० टक्के गेले तरी पेरणीला हात लागणार नाही इतकेच. बाकीचे पैसे औषधं आधीपासून विकून नफा कमावणाऱ्या मोठ्या कंपनीत किंवा फार्मा इंडेक्स फंडात. आणि मंजुरीनंतरही बातम्या पाहत राहा : ऑक्सब्रायटा हे सिकलसेलचं औषध २०१९ ला मंजूर झालं, फायझरनं त्याची कंपनी ५.४ अब्ज डॉलरला घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सुरक्षिततेच्या कारणानं जगभरातून परत बोलावलं.