जयपूर फूट ढिला झालाय, नडगीला जखम: मोजे वाढवायचे की सॉकेट (उरलेला पाय आत बसतो तो पोकळ भाग) बदलायचं?

रावेरकर:
वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापलाय. हिवाळ्यात शिबिरात जयपूर फूट, म्हणजे कृत्रिम पाय, बसवला. तेव्हा उरलेल्या पायावर एक मोजा घातला की घट्ट बसायचा, आता तीन घालूनही चालताना वर-खाली होतो. नडगीच्या टोकाला सोलवटलंय. काम केळीच्या बागेत, वरून मे महिना. काय करावं?

सॉकेटवाला, धुळे:
जखम भरेपर्यंत पाय घालायचाच नाही. तोवर स्टंपला (कापल्यावर उरलेल्या पायाला) आठच्या आकड्यात क्रेप बँडेज बांधा, टोकाला घट्ट, वर सैल. नाहीतर सूज येऊन नंतर पाय चढणार नाही. मधुमेह असेल किंवा जखमेला वास, काळेपणा असेल तर आधी डॉक्टर.

ढिला होण्यात नवल नाही, सुरुवातीचे काही महिने स्टंप आटतोच. भार यायला हवा गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेच्या पट्ट्यावर आणि नडगीच्या आतल्या बाजूच्या वरच्या फुगीर भागावर. स्टंप आटला की तो खोल घसरतो आणि हाडाचं टोक तळाला आपटतं. तुमची जखम तिथलीच दिसते.

जखम भरल्यावर कणकेची सुपारीएवढी गोळी प्लास्टिकमध्ये गुंडाळून सॉकेटच्या तळाशी ठेवा, पाय घालून भार द्या. पार चपटी झाली तर स्टंप फार खोल जातोय, मोजा वाढवा. जशीच्या तशी राहिली तर मोजे जास्त झालेत. जरा दबली की बरोबर.

मोजे किती हे मोजू नका, प्लाय (मोज्याच्या जाडीचं माप) मोजा: पातळ १, जाड ३ किंवा ५. एकूण १० च्या वर गेलं की सॉकेट नवंच. त्यापुढे पाय आत गोल फिरतो. टोक घट्ट आणि वर ढिलं असेल तर एका जुन्या मोज्याचं टोक कापून तो फक्त वरच्या भागावर चढवा.

चोपडा_शेती:
बागेत खरा त्रास घामाचा. दुपारी पाय काढा, स्टंप पुसून कोरडा करा, मोजा बदला. शिवण बाहेरच्या बाजूला. पावडर टाकू नका, घामात गोळे होऊन तेच टोचतात. फवारणीचं पाणी आत गेलं तर सॉकेट आणि स्टंप लगेच धुवा, भिजलेला मोजा दिवसभर कातडीला चिकटून राहू देऊ नका.

सॉकेट रात्री साबणाने धुवून सावलीत वाळवा. चुलीजवळ किंवा तापलेल्या पत्र्यावर ठेवलं तर आतलं लायनर (मऊ अस्तर) आकसतं. आणि हो, पावलाच्या आत लाकडी ठोकळा आणि बोल्ट असतो. रबराला बोटांपाशी किंवा टाचेला चीर पडली की पाणी आत मुरतं, बोल्ट गंजतो. चालताना करकर ऐकू आली तर पाऊल बदलायची वेळ झाली.

सॉकेटवाला, धुळे:
एक राहिलं. त्या पावलाचा तोल अनवाणी चालण्यासाठी लावलेला असतो. उंच टाचेचा बूट घातला की गुडघा पुढे ढकलला जातो. सपाट चप्पलच बरी, मागे पट्टा असलेली.

रावेरकर:
सॉकेट बदललं तर पूर्ण पायच नवा लागतो का?

सॉकेटवाला, धुळे:
एचडीपीई (कडक प्लास्टिक) पाइपचा असेल तर सॉकेट आणि नडगीचा भाग एकसंध असतो, तो सगळा नवा होतो. पाऊल धड असेल तर तेच परत बसवता येतं. माप द्यायला दुपारी जा, सकाळी उठल्या-उठल्या स्टंप सुजलेला असतो. नवा पाय पहिल्या दिवशी तासभरच, मग काढून बघा. दहा मिनिटांत लाली उतरली नाही तर त्या जागी सॉकेट घासून घ्या.