किंमत कोण मोजतं, ते बघा

घरच्यांचं मन राखायला अंधश्रद्धा पाळावी का, या प्रश्नावर काही जण म्हणतात, "एकदा बुद्धीला पटलं की त्याविरुद्ध वागणं हा भित्रेपणाच, गोष्ट कितीही छोटी असो." मला हे सरसकट मान्य नाही. माझ्या आजारपणात आईच्या समाधानासाठी मनगटावर दोरा बांधून घेतला, तर बिघडलं काय? औषधं चालू आहेत ना? तेवढी तडजोड मी जाणूनबुजून करेन.

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र अजिबात नाही. मण्यार बहुतेकदा रात्री, झोपेत चावते. फारसं दुखत नाही, सूजही नसते, म्हणून 'आधी मांत्रिकाकडे जाऊन येऊ' हे घरच्यांना सहज पटतं. मग पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, श्वास अपुरा पडू लागतो. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर चालणारं प्रतिविषाचं इंजेक्शन उपलब्ध आहे, पण ते वेळेत मिळायला हवं. साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

अशा वेळी वडीलधाऱ्यांचं मन राखायला गप्प बसणाऱ्या शिकलेल्या मुलाला मी माफ करणार नाही. आधी १०८ ला फोन लावा, नाहीतर मिळेल ती गाडी काढा. रुसवेफुगवे नंतर बघता येतील.