ग्रामसभेत कागद तपासणीचा ठराव येतोय: परका माणूस ओळखायचा कशावरून?

बंदरालगत (धागाकर्ता)

आमच्या गावच्या येत्या ग्रामसभेपुढे एक ठराव येतोय. गावाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरी तालुका, खाडीच्या तोंडावर, एवढं पुरे. मराठी न बोलणाऱ्या माणसाला पोलीस दाखल्याशिवाय खोली भाड्याने द्यायची नाही. असा माणूस गावात काही विकताना दिसला तर कुणीही ग्रामस्थाने त्याचे कागद तपासायचे. कागद पटले नाहीत तर त्याला गावाबाहेर काढायचं. कागद पटणार की नाही हे अर्थातच नाक्यावरची पोरं ठरवणार.

ठराव अजून पास झालेला नाही, पण पोरांनी काम सुरू केलंय. एका लाँचवर बरीच वर्षं असलेल्या नेपाळी खलाशाला त्यांनी टपरीवर अडवलं. त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नागरिकता, म्हणजे नेपाळचा नागरिकत्वाचा दाखला, काढून दिली. हाताने भरलेला फॉर्म, घडीवर फाटलेला, फोटोतला माणूस अर्धा उडालेला. लिपी देवनागरी, म्हणजे पोरांना वाचता येत होती. जन्मसाल २०४१. झालं! "हा अजून जन्मलाच नाही, कागद खोटा" म्हणून फोटो काढला आणि 'घुसखोर सापडला' असं लिहून गावच्या ग्रुपवर टाकला. नेपाळात विक्रम संवत चालतो, २०४१ म्हणजे आपलं १९८४-८५, हे कुणालाच सुचलं नाही. तो माणूस त्यानंतर दोन दिवस लाँचवरून खाली उतरला नाही.

आम्ही काही जण ठरावाविरुद्ध सह्या गोळा करतोय. त्यात नाखवे आहेत, आंबा बागायतदार आहेत, शाळेतल्या एक बाई आहेत. हे दुसरीकडे होऊन गेलंय म्हणून थोडं सांगतो. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्याने २०१० साली एस.बी. १०७० नावाचा कायदा केला. पोलिसांनी कुठल्याही कारणाने कुणाला थांबवलं आणि हा बेकायदा राहतोय असा संशय आला, की कागद तपासायचेच, अशी सक्ती. लोक गप्प बसले नाहीत. तिथल्या फिनिक्स शहराच्या वस्त्यांत समित्या झाल्या, पोलिसांनी गाडी अडवली तर काय बोलायचं आणि काय नाही हे घरोघरी जाऊन शिकवलं गेलं, लोक पोलिसांच्या तपासणीचं चित्रीकरण करू लागले, बाहेरच्या संस्थांनी तिथल्या परिषदा रद्द केल्या. कायद्याचा शिल्पकार असलेला सिनेटर रसेल पिअर्स २०११ च्या नोव्हेंबरात मतदारांनी मुदतीआधीच घरी बसवला. २०१२ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने वादातली चारपैकी तीन कलमं उडवली. चौथं, कागद तपासायचं, राहिलं. म्हणजे लढा पुरा जिंकला असंही नाही.

मतं हवी आहेत. विरोधी असली तरी चालतील, फक्त शिवीगाळ नको.

सागररक्षक

तीव्र असहमत. धागाकर्त्यांना अ‍ॅरिझोना आठवलं, शेखाडी आठवलं नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांचं आरडीएक्स तिथेच, श्रीवर्धन तालुक्यात उतरलं. २००८ ला दहा जण 'कुबेर' नावाच्या मासेमारी बोटीतून मुंबईत घुसले, बोटीच्या तांडेलाला मारून. आपला किनारा उघडा आहे हे आपण दोनदा रक्त देऊन शिकलोय. रत्नागिरीत चिरेखाणीवर बांगलादेशी सापडल्याच्या बातम्या काय अमेरिकेतून आल्या? मी सागर सुरक्षा दलात, म्हणजे पोलिसांच्या मदतीच्या गावकऱ्यांच्या पथकात आहे, रात्री जेटीवर बसतो. मला न ओळखणारा माणूस दिसला तर मी विचारणारच. त्यात भेदभाव कसला?

बंदरालगत

विचारा की. फक्त मलाही विचारा.

नाखवा

मी बोटवाला, सरळ सांगतो. १ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठते तेव्हा मला खलाशी लागतात. गावातली पोरं पुण्याला कंपनीत, नाहीतर मुंबईत. ती बोटीवर येणार नाहीत आणि यावीत असं मी म्हणतही नाही. नेपाळी येतो, आगाऊ उचल घेतो, मे अखेरपर्यंत राबतो. काही जण उचल घेऊन पळतात, ते दुखणं वेगळं. ठरावावर हात वर करणाऱ्यांतले निम्मे लोक माझ्याच जेटीवर बर्फ, डिझेल, किराणा विकून खातात. बोट बांधून राहिली तर ते काय विकणार?

सागररक्षक भाऊ, बोट सुटताना कागद बघतात ते मला मान्य आहे. कारण ते सगळ्यांचे बघतात, तांडेलाचे पण आणि माझे पण. २००८ नंतर मच्छीमारांना ओळखपत्रं आली तेव्हा अंगठे आमचेही घेतले. कुणी कुरकुर केली नाही. भाषा ऐकून कागद मागायचा हा प्रकार नवीन आहे.

चिपळूणकर फिनिक्सवाले

मी याच अ‍ॅरिझोनात राहतो, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क. इथल्या चळवळीचं गोड चित्र रंगवलंय ते अर्धवट आहे. एक, एस.बी. १०७० मध्ये वंश-रंग पाहून कागद मागू नयेत असं लिहिलं होतं. दोन, ग्रीन कार्ड जवळ बाळगणं परदेशी माणसाला केंद्राच्या कायद्याने कधीपासूनच बंधनकारक आहे. माझ्या खिशात ते होतंच, मला कधी अपमान वाटला नाही. तीन, मी एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर येऊन वर्षानुवर्षं रांगेत उभा राहिलो. फी भरल्या, वकील केले, आईच्या शेवटच्या आजारपणात व्हिसाच्या शिक्क्यापायी गावी जाता आलं नाही. रांग तोडून आलेल्यासाठी मोर्चे निघतात तेव्हा आमच्यासारख्यांना काय वाटतं, हे मोर्चेवाले विचारत नाहीत. कायदा मोडलाय तर मोडलाय. कोकणात आलं म्हणून ते बदलत नाही.

कातळकोपरा

@चिपळूणकर, रांगेचं दुःख खरं आहे, त्यावर वाद नाही. पण कायद्यात लिहिलेलं आणि रस्त्यावर घडलेलं यात किती अंतर पडतं ते तुमच्याच काउंटीत कोर्टापुढे आलं. मॅरिकोपाचे शेरीफ जो अर्पायो यांच्या माणसांनी २००७ साली एका मेक्सिकन पर्यटकाला गाडीतून उतरवून ताब्यात घेतलं. तो गाडी चालवतही नव्हता, आणि त्याच्याकडे वैध व्हिसा होता. खटला चालला, २०१३ मध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की हे खातं लॅटिनो लोकांना चेहरा पाहून अडवतं. पुढे कोर्टाचा हुकूम न पाळल्याबद्दल अर्पायो २०१७ मध्ये दोषी ठरले आणि महिनाभरात राष्ट्राध्यक्षांकडून माफी मिळवून मोकळे झाले. तुमच्या रांगेचा आणि त्या पर्यटकाचा काय संबंध? तो रांगेतूनच आला होता.

@सागररक्षक, शेखाडीचं निघालंच आहे म्हणून: त्या प्रकरणात टाडा कोर्टाने कस्टम आणि पोलीस खात्यातली माणसंही दोषी धरली. माल उतरवायला वाट करून देणाऱ्यांना मराठी उत्तम येत होतं.

काळा कोट

वकिली चष्म्यातून. परदेशी नागरिक, त्यांचा प्रवेश, त्यांना बाहेर काढणं हे सगळं केंद्राच्या सूचीत आहे. ग्रामपंचायतीला त्यात हात घालता येत नाही, आणि 'कुणाही ग्रामस्थाला' तर अजिबात नाही. भारतीय नागरिक असेल तर देशात कुठेही फिरायचा आणि राहायचा हक्क कलम १९ ने दिलाय. नेपाळी असेल तर १९५० च्या भारत-नेपाळ तहाने त्याला इथे राहायची, काम करायची मुभा आहे, त्याला व्हिसा लागतच नाही. मग ठराव नेमका कुणाला लागू होणार?

अडचणीची बाजूही सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. १९४६ चा परकीय नागरिक कायदा आणि त्यासकट चार जुने कायदे गुंडाळून २०२५ ला नवा कायदा आला, १ सप्टेंबरपासून लागू आहे. दोन्हींत 'मी परदेशी नाही' हे सिद्ध करायचा भार त्या माणसावरच आहे. हे जड आहे. पण २०२४ च्या जुलैत आसामच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने बजावलं की हाती काही आधार असल्याशिवाय कुणालाही उचलून 'कर सिद्ध' म्हणता येणार नाही. परक्या बोलीतला 'भैया, चाय देना' हा आधार धरता येत नाही.

अमेरिकेतलं आपल्या गावाला जास्त जवळचं उदाहरण हवं असेल तर अ‍ॅरिझोना सोडा, पेनसिल्व्हेनियातलं हेझलटन घ्या. लहान शहर. २००६ मध्ये नियम केला की बेकायदा स्थलांतरिताला घर भाड्याने देणाऱ्याला दंड. स्थानिक रहिवासी, घरमालक कोर्टात गेले. शहर खालच्या कोर्टात हरलं, वर हरलं, २०१४ ला सुप्रीम कोर्टाने ऐकूनच घेतलं नाही. शेवटी समोरच्या वकिलांची लाखो डॉलरची फी शहराच्या बोकांडी बसली. आपल्या ग्रामपंचायतीची पाणीपट्टी तरी पुरती वसूल होते का, ते सरपंचांना विचारा.

सागररक्षक

वकीलसाहेब, कायदा कळला. आता व्यवहार सांगा. आधार कार्ड दोन हजारात बनवून मिळतं असं तुम्हीच लोक म्हणता. खाणमालक मुकादमाकडून माणसं घेतो, मुकादम नावंसुद्धा लिहून ठेवत नाही. पोलीस ठाण्यात माणसं मोजकी. उद्या काही घडलं तर 'स्थानिक काय झोपले होते का' म्हणून चॅनलवाले आमच्याच तोंडासमोर माईक धरणार. तुम्ही तेव्हा कलम १९ सांगणार का?

काळा कोट

मुकादम नावं लिहून ठेवत नाही हीच खरी गोम आहे आणि त्यावर ठरावात एक अक्षर नाही. खाणमालक गावातला, त्याचा भाऊ पॅनेलमध्ये. त्याला कोण विचारणार? मजुराला विचारणं सोपं.

खाडीपट्टा खेड

थोडं जुनं सांगते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांतून कोकणी मुसलमान शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला गेले. तिथे अजून 'कोकनी' म्हणून ओळखले जातात. १९०२ ला केप सरकारने कायदा केला: येणाऱ्याला युरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे. मराठी, उर्दू, गुजराती येत असेल तरी तो 'अशिक्षित'. तिथे दुकान थाटून बसलेला माणूस गावी लग्नाला आला तर ठराविक मुदतीचा परवाना काढून यायचा. मुदत टळली, बोट चुकली, आजारी पडला, की परतीची वाट बंद. शेजारी ट्रान्सवालमध्ये आशियाई लोकांवर बोटांच्या ठशांची सक्ती झाली तेव्हा १६ ऑगस्ट १९०८ ला जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात दोन हजारांवर नोंदणीपत्रं कढईत घालून जाळली. गांधीजींचा तो लढा आपल्याला शाळेत शिकवतात, फक्त तो परदेशी माणसाचे कागद तपासायच्या कायद्याविरुद्धच होता हे सांगत नाहीत.

तेव्हा भाषा येत नाही म्हणून आपल्या माणसाला बंदरावरून परत पाठवणारे गोरेही 'आमच्या वसाहतीचं रक्षण' असंच म्हणत होते.

चिपळूणकर फिनिक्सवाले

केपटाउनची माहिती नवीन होती, आभार. पण तुलना ताणलेली आहे. ती वसाहत होती, आक्रमकांचा कायदा. इथे लोकशाही देश आपली सीमा सांभाळतोय.

खाडीपट्टा खेड

सीमा सांभाळण्याला माझा विरोध नाहीच. सीमा खेडच्या बाजारात नाही, एवढंच.

दर्यासारंग मालवण

आमच्याकडे पण ह्योच इषय. पण माका एक सांगा, मोटारसायकलीर खोको बांदून दारादारात मासे इकणारो गडी खंयचो, तां आमच्या बायलांका काय करूचा? तो बेळगावसून येव नायतर कणकवलेसून. बाजारात ओट्यार बसणारी बाय पावती फाडता, बरफ इकत घेता, पावसात भिजता. पोटार पाय तिच्या येता. ठरावात लिवा: दारार मासे इकूचे तर सगळ्यांका परवानो, सगळ्यांका पावती. मराठी बोलणारो इनापरवानो इकता तो गोड कसो?

नाखवा

+१. सगळ्या धाग्यात कामाचं हे एकच बोलला.

सागररक्षक

२०२० विसरलात काय सगळे? लॉकडाऊनमध्ये मुंबईचे चाकरमानी आले तेव्हा हेच गाव वेशीवर बांबू आडवे टाकून उभं होतं. ई-पास दाखव, नाहीतर शाळेत चौदा दिवस झोप. स्वतःच्या भावाला लोकांनी घरात घेतलं नाही. तेव्हा कुणी हक्कांची पोथी काढली नव्हती.

बंदरालगत

विसरलो नाही. माझा चुलतभाऊ शाळेच्या व्हरांड्यात होता. पण तिथे प्रत्येकाला अडवलं होतं, सरपंचांच्या जावयालासुद्धा. आणि तरीही त्यात बरंच वाईट झालं, ते निस्तरायला पुढचे दोन गणपती गेले. या ठरावात जावयाला कोण अडवणार आहे?

अजून एक. गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशी म्हणून सीमेपलीकडे ढकलले गेले. नंतर ते भारतीय निघाले, तिकडच्या सरकारने कागद पाठवले, दोन्ही बाजूंच्या सीमा दलांची बैठक होऊन त्यांना परत आणावं लागलं. पोलिसांकडून ही चूक होते. मग नाक्यावरच्या पोरांकडून काय होईल?

सागररक्षक

होते चूक. चूक होते म्हणून तपासणीच बंद करायची, हे पटत नाही.

काळा कोट

बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही. सह्यांच्या अर्जाला पर्यायी मसुदा जोडा, नुसता विरोध ग्रामसभेत टिकत नाही. मी लिहून देतो:

"खाणमालक, नौकामालक, बागायतदार व ठेकेदार यांनी कामावर ठेवलेल्या सर्व व्यक्तींची, त्या कुठल्याही गावच्या वा भाषेच्या असोत, यादी पोलीस ठाण्यात द्यावी. कोणाही खाजगी व्यक्तीने दुसऱ्याचे कागद मागू नयेत, त्यांचे फोटो काढू नयेत वा प्रसारित करू नयेत. फिरत्या विक्रेत्यांस एकच परवाना व एकच शुल्क राहील."

नाखवा

बागायतदार घातलात ते बरं केलंत. आंब्याच्या राखणीला सगळे नेपाळीच असतात आणि यादी कुणाचीच नसते. आता तेही सही करताना दोनदा विचार करतील, पण करतील.

सागररक्षक

पहिलं वाक्य ठेवलंत तर मी हात वर करीन, खाणवाल्यांसमोर उभा राहून करीन. दुसऱ्याला विरोध करणार. रात्री जेटीवर मी विचारायचं नाही तर मग मला तिथे बसवलंय कशाला?

बंदरालगत

तुम्ही दलाचं ओळखपत्र दाखवून विचारा आणि सगळ्यांना विचारा, ते मसुद्यात घालू. शनिवारी संध्याकाळी मसुदा घेऊन जेटीवर येतो.