जमाखर्चाच्या तक्त्याला हाताने टॅग कसे लावायचे?

वाचनवेडी:
वाचनालयाच्या वार्षिक अहवालाची पीडीएफ आहे. मूळ फाइल डीटीपीवाल्याकडेही उरलेली नाही. आमचे एक दृष्टिहीन सभासद एनव्हीडीएवर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम) वाचतात. त्यांना दोन रकाने एकमेकांत मिसळून ऐकू येतात. जमाखर्च म्हणजे तर नुसती आकड्यांची रांग. ॲक्रोबॅटमध्ये ऑटोटॅग केलं (शीर्षक, परिच्छेद, तक्ता सांगणाऱ्या न दिसणाऱ्या खुणा, म्हणजे टॅग, आपोआप लावून घेतले), तर पानाखालचा पत्ता वाक्याच्या मधोमध घुसतो. हाताने करायला बसू का?

खटपट्या:
आधी दोन ओळी कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच उमटलं तर बसा. भलतीच चिन्हं आली तर फाइल श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात आहे. मग टॅग कितीही नीट लावा, ऐकू येणार कचराच.

वाचनवेडी:
मराठीच आलं. काही शब्दांत पहिली वेलांटी जागा सोडून पडलीय.

खटपट्या:
मग सुटलात. (जन्म डीटीपीत गेला, श्रीलिपीचे अहवाल मी ढिगाने बघितलेत.) ऱ्हस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण युनिकोडमध्ये येते नंतर, म्हणून ती सरकते. शीर्षकं आणि माणसांची नावं तेवढी टॅगच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन 'ॲक्च्युअल टेक्स्ट'मध्ये शुद्ध टाइप करा. प्रत्येक शब्दामागे लागू नका, वेड लागेल.

ऑटोटॅगचं झाड (टॅगची वाचनक्रमाने लावलेली यादी) सरळ उडवा आणि टॅग हाताने लावा. आधी डावा रकाना, मग उजवा. पत्ता आणि पान क्रमांक 'आर्टिफॅक्ट' करा, म्हणजे ते वाचलेच जाणार नाहीत. क्रम मात्र टॅगच्या झाडातच बदला. 'ऑर्डर' पॅनेलमध्ये ओढाताण केली, तर रंगीत चौकट पुढे येऊन तिच्याखाली मजकूर गडप होतो.

आता जमाखर्च. तो एकच तक्ता धरू नका! कागदावर जमा आणि खर्च शेजारी असतात, पण 'वर्गणी'च्या ओळीत 'वीजबिल' आलं ते निव्वळ जागेच्या सोयीने. ओळीने ऐकणाऱ्याला वाटतं, वर्गणीतूनच वीजबिल भरलं. दोन स्वतंत्र 'टेबल' टॅग करा, दोन्हींत तपशील आणि रक्कम. वरच्या ओळीला 'टीएच' (शीर्षकाचा कप्पा) देऊन स्कोप 'कॉलम' ठेवा, म्हणजे ते खालच्या रकान्याचं शीर्षक ठरतं; बाकी सगळं 'टीडी' (साधा कप्पा). फाइलची भाषा मराठी करायला विसरू नका. यादीत सापडली नाही, तर तिचा दोन अक्षरी कोड हाताने टाइप करा.

कानानेवाचणारा:
वरच्यांशी सहमत. मी एनव्हीडीएत 'एच' दाबत शीर्षकं गाठतो, 'टी'ने तक्ता. त्यामुळे नुसती ठळक केलेली ओळ मला शीर्षक म्हणून सापडतच नाही, तिला 'एच2' (दुसऱ्या पातळीच्या शीर्षकाचा टॅग) द्या. आणि पीएसी (पीडीएफची सुलभता तपासणारा प्रोग्राम) तपासणीत सगळं हिरवं आलं म्हणून थांबू नका. फोटोला 'प्रतिमा 1' एवढाच पर्यायी मजकूर दिला तरी ती पास करते. फोटोत कोण आहे, काय चाललंय, ते लिहा.

वाचनवेडी:
दोन तक्त्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. ताळेबंदाचंही तसंच ना?

खटपट्या:
तसंच. देणी वेगळी, मालमत्ता वेगळी. झालं की त्या सभासदांना बेरजेची ओळ शोधायला सांगा.