चर्चा: उत्तरायण, गच्चीचं कुलूप आणि यंत्रमानवाची नीती

रावपुरा_वाचक
रविवारच्या वाचनात ‘अर्धवट_लेखक’ यांची कथा झाली. जे आले नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या वाड्यात ७८ वर्षांच्या कुमुदआत्या एकट्या राहतात, मुलगा न्यू जर्सीला. त्याने आईच्या सोबतीला हुबेहूब माणसासारखा यंत्रमानव पाठवलाय, गणू. गणू गोळ्या वेळेवर देतो, गवार मोडतो, शेजारच्या शारदाबेनशी गुजरातीत गप्पा मारतो. उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाच्या सकाळी आत्या फिरकी घेऊन गच्चीवर निघतात, तर हा दाराला कुलूप लावून उभा. कठडा बुटका, मांजा काचेचा, आत्यांचा तोल जातो, सगळं खरं. आत्या ओरडतात, रडतात, गणू हलत नाही. शेवटी त्या गणूच्या डोक्यात वरवंटा घालतात आणि वर जातात. टाळ्या पडल्या.

मी नाही वाजवल्या. नंतर चहा घेताना लेखक म्हणाले, यंत्रमानवाला नीतीनियम घातले की असंच होणार, विज्ञानकथेतून ते नियम आता हद्दपार करावेत. मला हे साफ अमान्य. नियम नसलेला यंत्रमानव एकतर राक्षस होतो नाहीतर मिक्सर, आणि दोघांबद्दलही फार काळ वाचवत नाही.

विज्ञानकथालेखक आयझॅक असिमॉव्हने १९४२ च्या ‘रनअराउंड’ कथेत यंत्रमानवांचे तीन नियम पहिल्यांदा शब्दांत मांडले. माणसाला इजा करायची नाही आणि हातावर हात ठेवून बसून इजा होऊही द्यायची नाही. पहिला नियम मोडत नसेल तर माणसाचा हुकूम पाळायचा. पहिले दोन मोडत नसतील तर स्वतःला जपायचं. त्या कथेत बुध ग्रहावर सेलेनियमच्या डबक्याभोवती यंत्रमानव गोल गोल फिरत बसतो. हुकूम सहज, जाता जाता दिलेला. यंत्र महागडं म्हणून त्याचा तिसरा नियम मुद्दाम कडक केलेला. दोन्ही ओढी बरोबरीला येतात आणि गडी अडकतो. अख्खी कथा नियमांच्या पोटातून निघालीय. गणूचीही तशीच निघालीय, लेखकाला आवडो न आवडो.

अर्धवट_लेखक
ताई, तीन नियमांनी कथा दिल्या हे मान्य. पण कसल्या? पळवाट शोधण्याच्या. दिवाणी दावा वाचल्यासारखं वाटतं. त्याआधी १९२० मध्ये चेक लेखक कारेल चापेकने नाटक लिहिलं, ‘आर.यू.आर.’. त्यातल्या रोबोंना असलं काही कुलूप नव्हतं. ते राबले, उठले, मालकांना संपवलं. तिथे पहिला नियम घातला असता तर बंडच झालं नसतं आणि राबवून घेणाऱ्यांना जाब विचारायचा राहूनच गेला असता. ज्याला मन आहे असं तुम्हीच म्हणता, त्याला आज्ञापालन जन्मतःच शिवून टाकायचं ही वेठबिगारी झाली. तिला नीती कशाला म्हणायचं?

मकरपुरा_फिटर
मी मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, वेल्डिंग रोबोंचं मेंटेनन्स बघतो. कथा कमी वाचतो, तेव्हा सांभाळून घ्या.

आमच्या रोबोला नीती नाही, जाळीचं कुंपण आहे. दार उघडलं की इंटरलॉक (दाराला जोडलेला सुरक्षा स्विच) तुटतो, हात जागच्या जागी थांबतो. आत उभं राहून त्याला पॉइंट शिकवायचे असतील तर टीच मोड, वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. पेंडंटच्या, म्हणजे रोबो चालवायच्या हातातल्या पॅनेलच्या मागे तीन टप्प्यांचं बटण असतं. ते मधल्या टप्प्यावर दाबून धरलं तरच रोबो हलतो. सोडलं तर थांबतो, आणि घट्ट आवळलं तरी थांबतो. दचकलेला माणूस एकतर हात सोडतो नाहीतर मूठ आवळतो, हे कुणीतरी आधीच ओळखून ठेवलंय. रोबोला यातलं काही कळावं लागत नाही.

१९७९ साली मिशिगनमध्ये फोर्डच्या कारखान्यात रॉबर्ट विल्यम्स नावाचा कामगार रॅकवर चढला असताना यंत्राच्या हाताचा तडाखा बसून गेला. त्या हाताला समोर माणूस आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याला पहिला नियम पाठ असून काय फरक पडला असता?

आणि एक. उत्पादन अडलं की आधी इंटरलॉक बायपास होतो, स्विचवर चिकटपट्टी मारून. ते काम रोबो करत नाही. तेव्हा लेखकसाहेब, गणूचं सोडा, वाड्याचा कठडा दोन फूट वाढवा.

रावपुरा_वाचक
कठडा वाढवला तर कथाच मिटली की भाऊ!

पण तुमची चिकटपट्टी असिमॉव्हकडे सापडते. १९४७ ची ‘लिटल लॉस्ट रोबॉट’. माणसं कामासाठी थोडा वेळ किरणोत्साराजवळ जातात, तेवढ्याने बिघडत नाही, पण यंत्रमानव धावत जाऊन त्यांना बाहेर ओढतात. म्हणजे गणूच. काम होईना म्हणून काही यंत्रमानवांच्या पहिल्या नियमातून ‘इजा होऊ द्यायची नाही’ एवढा भाग काढून टाकतात. यंत्रमानवांची मानसशास्त्रज्ञ सुसान कॅल्विन हादरते. तिचं म्हणणं, असा यंत्रमानव माणसाच्या डोक्यावर जड वजन सोडू शकेल, कारण सोडताना त्याला खात्री असेल की आपण ते वेळेत झेलू. सुटल्यावर मात्र झेलायचं बंधन उरलेलं नाही. नियम सैल करणं किती अवघड असतं हे नियम असलेल्या कथेतच दिसतं.

सुरसागरची_सून
सगळे गणूचं बोलताय, आत्यांचं कुणी बोलत नाही.

‘तुझ्या भल्यासाठीच’ म्हणून दार लावणारे आमच्या घरांत यंत्रमानवाच्या आधीपासून आहेत. लग्नानंतर सुरुवातीची उत्तरायणं मी खाली उंधियोच्या पातेल्यापाशी घालवली. वरून ‘काय पो छे’ ही पतंग काटल्याची आरोळी ऐकू यायची, आणि मी सुरती पापडी सोलत बसलेली.

दुसरा नियम म्हणतो माणसाचं ऐक. कुठल्या माणसाचं? आत्या म्हणतात उघड, मुलगा म्हणतो सांभाळ. गणूने ऐकलं ते पैसे भरणाऱ्याचं. नीतीची वेसण घालायचीच तर तिथे घाला.

आणि लेखकदादा, राग मानू नका, इथे कथा कच्ची आहे. असिमॉव्हच्याच १९४१ च्या ‘लायर!’मध्ये मन वाचणारा यंत्रमानव लोकांना खोटं सांगत सुटतो, कारण मन दुखावणं हीसुद्धा इजा, हे त्याला कळतं. तुमचा गणू शारदाबेनशी उंधियोवर वाद घालतो आणि समोर म्हातारी रडतेय ती त्याला इजा वाटत नाही? तो अडकायला हवा होता, त्या बुधावरच्यासारखा.

कट्ट्यावरचा
रजनीकांतचा २०१० चा ‘रोबोट’ कुणी काढलाच नाही! त्यातला यंत्रमानव चिट्टी आगीतून माणसं वाचवतो, त्यात आंघोळ करत असलेल्या मुलीला तशीच उचलून कॅमेऱ्यांसमोर आणतो, आणि ती लाजेने धावत सुटून गाडीखाली जाते. जीव वाचवायचा एवढंच त्याला माहीत. मग शास्त्रज्ञ त्याला भावना शिकवतो, तर हा शास्त्रज्ञाच्याच होणाऱ्या बायकोच्या प्रेमात. पुढे तिला मांडवातून उचलतो (मधे खलनायकाची लाल चिप आहे, पण तरी). नियमही पुरेना, भावनाही पुरेना.

अर्धवट_लेखक
सूनबाई, राग नाही. पण गणू अडकला तर आत्यांना वरवंटा उचलावा लागत नाही. मला वरवंटा हवा आहे.

आणि नियमवाल्यांना एक प्रश्न. नारळीकरांचा ‘वामन परत न आला’ आठवा. मला त्यात भीती वाटली ती वामन हा यंत्रमानव स्वतःसारखे आणखी वामन घडवू पाहतो याची. हे तुमच्या तीन नियमांत कुठे बसतं?

रावपुरा_वाचक
बसत नाही. म्हणूनच असिमॉव्हलाही १९८५ च्या ‘रोबॉट्स अँड एम्पायर’मध्ये शून्यावा नियम आणावा लागला: एकेका माणसाच्या आधी सगळी मानवजात.

सुरसागरची_सून
सगळ्या मानवजातीचं भलं? मग आत्यांची गच्ची कायमची बंद.

मकरपुरा_फिटर
वरवंट्याने गणू थांबतो, म्हणजे इमर्जन्सी स्टॉप आहे म्हणा. फक्त जागा चुकली. आमच्याकडे ते लाल बटण पिवळ्या पट्टीवर, हात पोचेल तिथे असतं, आणि दाबायला कुणाची परवानगी लागत नाही. तसं बटण आत्यांच्या हाती असतं तर मुलाने गणू विकत घेतला असता का, हे लिहा साहेब.

रावपुरा_वाचक
भाऊ, ते बटण म्हणजे नियमच की, लोखंडात ओतलेला. तुम्ही माझ्या बाजूचे निघालात.

मकरपुरा_फिटर
मुळीच नाही ताई. तुमच्या नियमाचा अर्थ गणू लावतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो. बटण दाबलं की करंट तुटतो, त्यात गणूला विचारायचं काही नाही. उरलेलं रविवारी भांडू, आज सेकंड शिफ्ट आहे.