नदीकाठची सायकलवाट हवीच, पण भराव कोणत्या रेषेवर?

मुठाकाठ
पुण्यातल्या नदीकाठ सुधार प्रकल्पाचा बंडगार्डनजवळचा तयार तुकडा गेल्या रविवारी चालून आलो. दगडी पायऱ्या, पाण्यालगत एक वाट, वर दुसरी. लोक खुशीत होते, मलाही बरं वाटलं. तरी या प्रकल्पाला माझा विरोध आहे, आणि तो वाटेला नसून भरावाला आहे.

मुळा २२.२, मुठा १०.४ आणि मुळा-मुठा ११.८, असा एकूण ४४.४ किलोमीटरचा हा पसारा. काठाला भराव घालायचा, त्यावर चालायची आणि सायकलची वाट करायची. नदी पावसाळ्यात पसरते, ती जागा तिचीच असते. साधारण २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो ती निळी पूररेषा. तिच्या आत भिंत उभी केली की पाण्याला दोनच मार्ग राहतात: वर चढायचं, नाहीतर पुढच्या वस्तीवर जोरात जायचं. पातळी वाढणार नाही असं महापालिका सांगते. मला ते पटत नाही.

वाट रेषेबाहेर करा. आत करायचीच तर मातीची पायवाट करा, दोन-चार दिवस बुडू दे. मुठेवरचा भिडे पूल बुडतोच की. आपण तो बंद करतो, पाणी ओसरलं की उघडतो.

येरवड्याची
दादा, मी २२ वर्षं येरवड्यात राहते. इतकी वर्षं नदी म्हणजे पुलावरून नाकाला पदर लावून बघायची गोष्ट होती. काठावर राडारोड्याचे डंपर रिकामे व्हायचे, एकेका रात्रीत भराव पडायचा, त्याला ना रेषा ना परवानगी. तो कुणी अडवला? काठ बांधून घेतला, तिथे दिवे आले, माणसं आली, की डंपर येत नाहीत.

मी आणि सासूबाई आता पहाटे साडेपाचला नदीकाठी चालतो. नगर रस्त्यावर त्या वेळी सायकल काढून दाखवा, मग बोलू. पायवाट बुडू दे म्हणणं सोपं आहे. बुडालेल्या पायवाटेवरचा गाळ कोण काढणार आणि कधी?

एकतानगरी
मला भिंत हवी आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे आमच्या तळमजल्यावर छातीभर पाणी होतं. वडिलांना खुर्चीत बसवून जिन्याने वर नेलं. खडकवासला धरणातून सोडलेल्या पाण्याचा विसर्ग त्या दिवशी ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. घर घेतलं तेव्हा विकणाऱ्याने पूररेषेचं अक्षरही काढलं नव्हतं. तुम्ही नदीच्या हक्काचं बोला, मी झोपेचं बोलतो. पाऊस लागला की आमची सोसायटी रात्रभर मोबाइलवर विसर्गाचे आकडे बघत बसते.

निवृत्त अभियंता
तुमची भीती खरी आहे, म्हणूनच सांगतो. भिंत नदीचं पाणी अडवते तशी वस्तीचं पाणीही अडवते. पुरात नदीची पातळी नाल्याच्या तोंडापेक्षा वर गेली की नाला उलटा फुगतो. तोंडाला झडपा बसवल्या तर पाणी आत साठतं, ते उपसायला पंप लागतात, आणि नेमकी तेव्हाच वीज गेलेली असते. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने जो हाहाकार केला तो ओढ्याचा होता, नदीच्या पुराचा नव्हता.

दुसरं असं की मुळा-मुठेच्या संगमावर मुळा भरून वाहत असली की मुठेचं पाणी पुढे न जाता मागे तुंबतं, तिला फुगवटा येतो. धरणाच्या खालच्या भागात पडलेल्या पावसाचं पाणी तर कुठल्याच दरवाजाने अडत नाही. नुसता विसर्गाचा आकडा बघून भिंतीची उंची ठरवणं धोक्याचं आहे.

अहमदाबादच्या साबरमती काठाचं उदाहरण सगळे देतात. तिथे पात्र सरसकट २६३ मीटर केलं. आपल्या नद्यांना डोंगर जवळ आहेत, पाणी काही तासांत येतं.

परदेशस्थ पुणेकर
मी नेदरलँड्समध्ये राहते, रोज बांधावरून सायकलने कामाला जाते. बांधावर वाट असणं यात मला काहीच वावगं दिसत नाही. इथे पिढ्यान्‌पिढ्या तेच चाललंय. पण १९९५ च्या पुराच्या धास्तीने अडीच लाख लोक हलवावे लागले, आणि त्यानंतर इथल्यांनी बांध उंच करत राहण्याचा नाद कमी केला. निजमेगेन शहराजवळ वाल नदीचा बांध ३५० मीटर मागे नेला आणि मोकळ्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खणून दिला. पुराची पातळी सुमारे ३५ सेंटिमीटरने उतरली. सायकलवाटा आहेतच, नव्या बांधावर.

येरवड्याची
तिथे नदीत मैला सोडत नाहीत, हेही सांगा. इथे ११ मैलाशुद्धीकरण केंद्रांचं काम जपानच्या कर्जातून किती वर्षं रखडलंय! त्यावर असाच धागा काढा, पहिली सही माझी. आणि राम नदी आणि मुळेच्या संगमाजवळची दाट झाडी तोडायला माझाही विरोध आहे. मात्र बंडगार्डनचा काठ उखडा म्हणाल तर मी आडवी पडेन.

मुठाकाठ
उखडा असं मी म्हणत नाही, ताई. झालं ते राहू दे. पुढच्या टप्प्यांत भराव निजमेगेनसारखा मागे घ्या, एवढंच मागणं आहे.

एकतानगरी
मागे म्हणजे कुठे? आमच्या इमारतीच मागे आहेत. निजमेगेनला बांध सरकवताना ज्यांची घरं गेली त्यांना कुठे आणि कशी जागा दिली, ते ताईंनी सविस्तर लिहावं. माझ्या कर्जाचे १४ वर्षांचे हप्ते बाकी आहेत.